पाहुण्याची स्मृति आणि यजमानाची वही

पुण्याच्या पेठांतील एखाद्या जुन्या वाड्याची व्यवस्था ज्यांनीं जवळून पाहिली असेल, त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. वाड्यांत बिऱ्हाडें कितीहि असोत, वाडा एकच असतो. विहीर एक, दिंडीदरवाजा एक आणि किल्ल्यांचा जुडगाहि एकच. बिऱ्हाडकरू आपल्या दोन खोल्यांना 'आपलें घर' म्हणतो आणि तसें म्हणण्यांत त्याची कांहीं चूक नसते. परंतु भिंत कोठें घालावी, रिकामी खोली कोणास द्यावी, कोणती किल्ली कोणाच्या कडोसरीला असावी, असे प्रश्न निघाले म्हणजे मालक, त्याचा मुखत्यार आणि बिऱ्हाडकरू ह्या तिघांमधील लेखी करारच शेवटीं कामास येतो. करार स्पष्ट असला तर तिघेहि सुखानें नांदतात. तो मोघम असला तर पहिल्या पावसाळ्यांतच तंटा उभा राहतो.

संगणकशास्त्रांत गेल्या साठ वर्षांत नेमका हाच प्रश्न पुनःपुन्हां उभा राहिला आहे. एका मोठ्या संगणकाच्या पोटांत अनेक लहान संगणक वागविण्याची एक युक्ति आहे. हे लहान संगणक धातूचे किंवा सिलिकॉनचे नसतात. ते केवळ आज्ञावलीच्या बळावर उभे केलेले असतात, म्हणून त्यांना आभासी यंत्रें म्हणतात. प्रत्येक आभासी यंत्राची अशी समजूत करून दिलेली असते कीं, सारा संसार आपल्या एकट्याचा आहे: आपला प्रोसेसर, आपली तबकडी आणि शून्य ह्या पत्त्यापासून सुरू होणारी आपली अखंड स्मृति. वस्तुतः ती स्मृति म्हणजे यजमान संगणकाच्या मोठ्या स्मृतींतील इकडच्या तिकडच्या तुकड्यांची जुळवाजुळव असते. यजमानाच्या घरचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीला कर्नेल म्हणतात. वाड्याचा मालक तो हाच. आभासी यंत्र उभें करणारी, त्याला पडदा, तबकडी व जाळ्याची जोडणी पुरविणारी एक साधी आज्ञावली कर्नेलच्या हाताखालीं चालते. ती मुखत्याराच्या जागीं. आणि आभासी यंत्राच्या आंत जें कांहीं चालतें, तो पाहुणा. ह्या तिघांनीं एकाच स्मृतीविषयीं एकमेकांशीं कोणत्या भाषेंत बोलावें, कोणाला काय मागतां यावें आणि कोणाला काय पाहतां येऊं नये, हें ठरविणें म्हणजे कर्नेलच्या देवघेवीची वाट आंखणें होय. इंग्रजींत हिलाच इंटरफेस म्हणतात, आणि आजच्या भाषणाचा विषय तीच आहे.

हा विषय केवळ यंत्रविद्येच्या पंडितांचा आहे, असें मानण्याचें कारण नाहीं. ॲमेझॉन कंपनीनें सन २०१६ च्या जून महिन्यांत मुंबईंत भाड्यानें संगणक देण्याचें आपलें केंद्र उघडलें. गूगलनें पुढच्याच वर्षीं तसें केलें. भाड्याचे हे संगणक बहुतांशीं आभासीच असतात. लिनक्स नांवाच्या कर्नेलमध्यें आभासी यंत्रांचा कारभार पाहणारा जो विभाग आहे, त्याला केव्हीएम म्हणतात. गूगलचीं भाड्याचीं यंत्रें त्याच्यावर उभीं आहेत, आणि ॲमेझॉननें सन २०१७ मध्यें जाहीर केलेली नायट्रो ही व्यवस्थाहि त्याच्याच गाभ्यावर रचलेली आहे. तेव्हां दुकानदाराची खतावणी, दवाखान्यांतील रोग्यांचे कागद, विद्यार्थ्यांच्या परीक्षेचे गुण असल्या गोष्टी ज्या यंत्रांत राहूं शकतात, त्या यंत्राच्या भिंतीपलीकडे कोण राहतो हें भाडेकरूस कळत नाहीं. भिंत पक्की कीं कच्ची, हें त्या देवघेवीच्या करारावरच ठरतें.

स्मृतीचा कल्पित पत्ता देण्याची युक्ति मात्र बरीच जुनी. इंग्लंडांत मँचेस्टर विद्यापीठांत टॉम किलबर्न ह्यांच्या नेतृत्वाखालीं ॲटलस नांवाचा संगणक बांधण्यांत आला व सन १९६२ च्या डिसेंबरांत त्याचें उद्घाटन झालें. त्याची जलद स्मृति १६,३८४ शब्दांची होती आणि फिरत्या चुंबकीय ढोलावरची सावकाश स्मृति तिच्या सहापट होती. आज्ञावली लिहिणाराला ह्या दोन्ही मिळून एकच दिसाव्या, म्हणून स्मृतीचीं ५१२ शब्दांचीं पानें पाडलीं गेलीं. जें पान जवळ नसेल तें मागितलें जातांच यंत्र क्षणभर थांबे, तें पान ढोलावरून आणी आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें पुढें चाले. दाखविलेला पत्ता एक आणि पानाची खरी जागा दुसरी, ही फारकत तेथें पक्की झाली. पुढें आलेलें सारें ह्या एका फारकतीवर उभें आहे.

अमेरिकेंत आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रानें सन १९६७ च्या सुमारास ही कल्पना शेवटास नेली. कल्पित पत्ताच कशाला, संबंध यंत्रच कल्पित कां असूं नये, असा तो विचार होता. सन १९७२ मध्यें त्या कंपनीनें व्हीएम-३७० ही व्यवस्था जाहीर केली. दोन वर्षांनीं, म्हणजे सन १९७४ मध्यें, पोपेक व गोल्डबर्ग ह्या दोघां विद्वानांनीं अशा व्यवस्थेच्या तीन कसोट्या शास्त्रशुद्ध रीतीनें मांडल्या. पाहुण्याला खऱ्या यंत्रावर जसा अनुभव आला असता तसाच येथें यावा. बहुतेक आज्ञा खऱ्या प्रोसेसरनें मध्यस्थावांचून चालवाव्या. आणि साधनसामग्रीवरील ताबा सर्वस्वीं यजमानाचा असावा. पहिली कसोटी सचोटीची, दुसरी वेगाची आणि तिसरी अधिकाराची, असें म्हटलें तरी चालेल. ह्या तिघींना एका घरांत नांदविणें हीच पुढील साऱ्या इतिहासाची खटपट आहे.

घरोघरीं पोंचलेल्या लहान संगणकांचा प्रोसेसर ह्या कसोट्यांना बराच काळ उतरला नाहीं. व्हीएमवेअर ह्या कंपनीनें सन १९९९ मध्यें केवळ आज्ञावलीच्या चातुर्यानें ती उणीव भरून काढली. पुढें इंटेलनें सन २००५ च्या अखेरीस आणि एएमडीनें सन २००६ मध्यें प्रोसेसरांतच आभासी यंत्रांची सोय केली. ती सोय होतांच लिनक्सला तिचा उपयोग करून देण्याचें काम कुम्रानेट ह्या इस्राएली कंपनींतील आवी किव्हिटी ह्यांनीं हातीं घेतलें. त्यांनीं केव्हीएम सन २००६ च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध केलें आणि सन २००७ च्या फेब्रुवारींत बाहेर पडलेल्या लिनक्सच्या २.६.२० ह्या आवृत्तींत त्याला स्थान मिळालें.

येथपर्यंतची हकीकत यंत्रांची झाली. आतां त्या कराराकडे वळावयाचें. त्यासाठीं पत्त्याचा प्रवास आधीं समजून घेतला पाहिजे. आजच्या सामान्य प्रोसेसरांत स्मृतीचें एक पान ४,०९६ बाइटांचें असतें. कोणतें कल्पित पान कोठें आहे ह्याची नोंद एका कोष्टकांत असते आणि तें कोष्टक बहुधा चार पायऱ्यांचें असतें. म्हणजे एक पत्ता शोधण्यास चार नोंदी पाहाव्या लागतात. पाहुण्याजवळ त्याचें स्वतःचें असें कोष्टक असतें. परंतु त्यांत मिळालेला पत्ताहि शेवटीं कल्पितच. त्याचा खरा ठिकाणा यजमानाच्या दुसऱ्या कोष्टकांत पाहावा लागतो. पाहुण्याच्या प्रत्येक पायरीचा पत्ता यजमानाच्या चार पायऱ्या उतरून शोधावयाचा व मग ती नोंद वाचावयाची, म्हणजे चार पायऱ्यांना वीस वाचनें झालीं. शेवटच्या पत्त्यासाठीं आणखी चार. एकूण चोवीस. पूर्वी ही यातायात टाळण्यासाठीं यजमान एक गुप्त तिसरें कोष्टक ठेवी. त्याला छायाकोष्टक म्हणत. पाहुण्याच्या मूळ पत्त्यापासून थेट खऱ्या जागेपर्यंतचा रस्ता त्यांत लिहिलेला असे. मात्र पाहुण्यानें आपलें कोष्टक बदललें कीं छायाहि बदलावी लागे. एएमडीनें सन २००७ मध्यें आणि इंटेलनें सन २००८ मध्यें दोन्ही कोष्टकें प्रोसेसरनेंच वाचावीं अशी सोय केली. सांपडलेले पत्ते प्रोसेसर जवळच्या एका लहान यादींत लक्षांत ठेवतो, म्हणून चोवीस वाचनांची पाळी क्वचित् येते.

ह्या दुसऱ्या कोष्टकाची, म्हणजे यजमानाच्या वहीची, मालकी कोणाची? आणि पाहुण्याला द्यावयाचीं पानें कोणाच्या खात्यांतून काढावयाचीं? केव्हीएमच्या आरंभींच्या करारांत उत्तर असें होतें कीं, पानें कर्नेलच काढील. मुखत्यारानें इतकेंच सांगावें कीं, पाहुण्याला अमुक पत्त्यापासून अमुक आकाराची स्मृति हवी. कर्नेल ती आपल्या कोठारांतून देईल. वाट सोपी होती, परंतु तिच्यांत एक खोट होती. अशीं दिलेलीं पानें एका जागीं खिळून राहत. स्मृतीची टंचाई झाली तरी तीं तबकडीवर हलवितां येत नसत. मोठीं पानें वापरावयाचीं कीं लहान, तीं कोठून आणावयाचीं, ह्यांत मुखत्याराला बोलण्यास जागा नसे. मालकानें बिऱ्हाडकरूला खोलीबरोबर खाट, पाट आणि घडवंचीहि आपल्याच पसंतीची द्यावी, तसा तो प्रकार होता.

म्हणून थोड्याच काळांत दुसरी वाट काढण्यांत आली. तिच्यांतील अर्जाला पांचच रकाने आहेत: ह्या तुकड्याचा क्रमांक, कांहीं खुणा, पाहुण्याच्या दृष्टीनें त्याचा पत्ता, त्याचा आकार, आणि मुखत्याराच्या स्वतःच्या स्मृतींत तो तुकडा कोठें सुरू होतो तो पत्ता. सारें मिळून ३२ बाइटांचा कागद. आकाराच्या रकान्यांत शून्य लिहिलें कीं तो तुकडा रद्द समजावा, असा नियम. पांचव्या रकान्यानें सर्व चित्र पालटलें. पाहुण्याची स्मृति आतां मुखत्याराच्या साध्या स्मृतीचाच एक भाग झाली. साध्या आज्ञावलींसाठीं कर्नेलनें अनेक वर्षें कसून तयार केलेल्या सोयी, म्हणजे पान तबकडीवर हलविणें, मोठीं पानें देणें, एकसारखीं पानें एकत्र करून जागा वांचविणें, ह्या सगळ्या पाहुण्याला आयत्या लाभल्या. नवें कोठार बांधण्याऐवजीं जुन्याच कोठाराची किल्ली योग्य हातीं देणें हें शहाणपण त्यांत होतें.

परंतु प्रत्येक सोय आपल्याबरोबर एक जबाबदारी आणते. आतां एकाच पानाच्या दोन नोंदी झाल्या: एक मुखत्याराच्या कोष्टकांत आणि दुसरी पाहुण्यासाठीं ठेवलेल्या वहींत. समजा, कर्नेलनें टंचाईच्या वेळीं तें पान मुखत्याराकडून काढून घेतलें व दुसऱ्याच कोणास दिलें, आणि पाहुण्याच्या वहींतील नोंद मात्र तशीच राहिली; तर पाहुणा निर्धास्तपणें त्या पानावर लिहीत राहील आणि तें लिहिणें परक्याच्या कागदावर उमटेल. एका बिऱ्हाडकरूनें सोडलेल्या खोलींत नवें बिऱ्हाड यावें आणि जुन्याच्या खिशांत किल्ली राहावी, ह्यासारखा हा धोका. त्यावर उपाय म्हणून आंद्रेआ आर्कांजेली ह्यांनीं तयार केलेली एक योजना सन २००८ च्या ऑक्टोबरांतील २.६.२७ ह्या आवृत्तींत आली. तिचा मतितार्थ इतकाच कीं, कर्नेल कोणतेंहि पान हलविण्यापूर्वीं केव्हीएमला वर्दी देईल. केव्हीएम आपल्या वहींतील नोंद खोडील व प्रोसेसरच्या लक्षांतूनहि ती काढील. आणि मगच पान हलेल. आधीं वर्दी, मग खोड, मग हलवाहलव, हा क्रम एकदांहि चुकून चालत नाहीं. बाहेरून न दिसणाऱ्या ह्या शिस्तीवर पाहुण्यांची सारी सुरक्षितता टेकलेली आहे.

दुसरा प्रसंग स्थलांतराचा. चालू असलेलें आभासी यंत्र न थांबवितां एका यजमानाकडून दुसऱ्याकडे नेतां येतें. यजमान यंत्राची दुरुस्ती करावयाची असली म्हणजे हें हटकून करावें लागतें. रीत अशी कीं, प्रथम सारीं पानें पलीकडे उतरून घ्यावीं. तोंपर्यंत पाहुण्यानें कांहीं पानांवर पुन्हां लिहिलेलें असतें, तेवढीं पुन्हां उतरावीं. असें करतां करतां उरलेलीं पानें थोडीं झालीं कीं पाहुण्याला क्षणभर थांबवून शेवटची भरती करावी. ह्यासाठीं कोणत्या पानावर नवें लिहिणें झालें ह्याची यादी लागते. केव्हीएम दर पानामागें एक खूण ठेवतें. चार गिगाबाइट स्मृतीच्या पाहुण्याचीं १०,४८,५७६ पानें होतात आणि त्यांची खुणांची यादी अवघ्या १२८ किलोबाइटांत मावते.

ह्या यादीच्या बाबतींत कराराची बारकाई चांगली दिसून येते. मूळ नियम असा होता कीं, मुखत्यारानें यादी मागितली कीं कर्नेल ती देईल आणि त्याच क्षणीं सर्व खुणा पुसून टाकील. वरवर पाहतां हें सरळच आहे. परंतु यादी हातीं येणें व तिच्यांतील शेवटचें पान उतरून होणें ह्यांच्यामध्यें बराच वेळ जातो. तेवढ्यांत पाहुणा ज्या पानावर लिहील त्याला पुन्हां खूण लागेल आणि तें पान नुसतें दुसऱ्यांदा उतरावें लागेल. शिवाय साऱ्या खुणा एका दमांत पुसतांना वही बराच वेळ कुलुपांत ठेवावी लागे व पाहुणे खोळंबत. म्हणून यादी देणें आणि खुणा पुसणें ह्या दोन क्रिया पुढें अलग केल्या गेल्या. मुखत्यार जीं पानें उतरूं लागेल तेवढ्यांच्याच खुणा पुसावयास सांगेल. विचार उत्तम होता, परंतु पहिल्या अंमलबजावणींत दोष राहून गेले. दोष दुरुस्त झाले तेव्हां प्रश्न पडला कीं, समोरच्या कर्नेलमध्यें दोषी प्रकार आहे कीं दुरुस्त, हें मुखत्यारानें ओळखावें कसें? उत्तर साधें होतें. त्या सोयीचें जुनें नांव टाकून देण्यांत आलें आणि त्याच नांवापुढें २ चा आंकडा लावून नवें नांव दिलें गेलें. जुनें नांव वापरूं नये, असें अधिकृत कागदांत आजहि लिहिलेलें आहे. एकदां सदोष रीतीनें उच्चारलेला शब्द परत घेतां येत नाहीं. त्याच्या शेजारीं दुसरा शब्द ठेवतां येतो, एवढेंच.

असें कां व्हावें? लिनक्सच्या मंडळींत एक दंडक आहे: बाहेरच्या आज्ञावलींना एकदां जें वचन दिलें तें मोडावयाचें नाहीं. केव्हीएमचा करार सन २००७ च्या २.६.२२ ह्या आवृत्तीपासून असा कायम झाला. कराराचा आवृत्तिक्रमांक विचारला कीं कर्नेल बारा असें उत्तर देतो. बाराहून निराळें उत्तर आलें तर मुखत्यारानें कामच सुरू करूं नये, असा नियम आहे. नवी सोय करावयाची ती जुन्याला धक्का न लावतां, आणि 'अमुक सोय आहे काय' असें विचारण्याची वाट ठेवून. सन २००७ नंतर कित्येक प्रोसेसर आले व गेले. तें बारा मात्र बाराच राहिलें.

तिसरा प्रसंग अधिकाराच्या मर्यादेचा आहे. सन २०१५ च्या नोव्हेंबरांतील ४.३ ह्या आवृत्तींत एक नवी वाट उघडली. तोंपर्यंत एखादें पान जागेवर नसलें तर तें आणून देण्याचें काम कर्नेलचें होतें. आतां मुखत्याराला असें सांगतां येऊं लागलें कीं, ह्या भागांतील पान कोणी मागितलें व तें नसलें, तर आपल्याला कळवावें. तें आपण आणून देऊं. स्थलांतरांत ह्याचा मोठा उपयोग झाला. पाहुण्याला आधीं पलीकडे नेऊन चालू करावयाचें आणि त्याला जें पान लागेल तें मागाहून मागवून द्यावयाचें, हें त्यामुळें साधलें. परंतु जो पान अडवूं शकतो तो, त्या पानाची वाट पाहणाऱ्या कर्नेललाहि नेमक्या क्षणीं थोपवून धरूं शकतो. दुष्ट बुद्धीच्या लोकांनीं कर्नेलमधील दुसरे दोष साधण्यासाठीं ह्याच अडवणुकीचा उपयोग केला. तेव्हां सन २०१९ मध्यें ही वाट सामान्य वापरणारांना बंद करण्याची सोय ठेवण्यांत आली आणि सन २०२१ मध्यें तर कर्नेलला थोपविण्याची ही मुभा विशेष अधिकार नसलेल्यांस मुळांतच मिळूं नये असें ठरलें. कर्नेलनें आपलें काम दुसऱ्यावर सोंपवावें, हें योग्य. परंतु आपला श्वास दुसऱ्याच्या मुठींत द्यावा, हें योग्य नव्हे.

ह्या सर्व काळांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. पाहुण्याची स्मृति मुखत्याराची. मुखत्यारावर अंमल कर्नेलचा. अर्थात् हे दोघेहि पाहुण्याचें वाटेल तें पान वाचूं शकत. पाहुण्यानें यजमानावर पूर्ण विश्वास ठेवावा, हीच त्या कराराची न लिहिलेली पहिली अट होती. यंत्र आपल्याच कचेरींत असतांना ती अट कोणाला जाचली नाहीं. पण भाड्याच्या यंत्रांचा सुळसुळाट झाल्यावर लोक विचारूं लागले: आमचे कागद यजमानानें कां वाचावे? त्याच्या घरांत चोर शिरला तर आमचें काय? त्याचा एखादा नोकर फितूर झाला तर? यजमान भला असला तरी हे प्रश्न उरतातच. प्रोसेसर बनविणाऱ्या कंपन्यांनीं ह्याला यंत्राच्या पातळीवर उत्तर दिलें. पाहुण्याचीं पानें प्रोसेसरच सांकेतिक लिपींत लिहील आणि तिची किल्ली यजमानाला कधींच दिसणार नाहीं, अशी योजना प्रथम एएमडीनें व मागाहून इंटेलनें आपल्या प्रोसेसरांत आणली.

तेव्हां जुन्या कराराचा पांचवा रकाना, जो इतकीं वर्षें भूषण म्हणून मिरवला, तोच अडचणीचा झाला. त्या रकान्याचा अर्थच मुळीं असा कीं, पाहुण्याचें प्रत्येक पान मुखत्याराच्या पत्त्यावर सांपडलें पाहिजे. परंतु हीं नवीं गुप्त पानें मुखत्यारानें पाहूं नयेत. इंटेलच्या योजनेंत तर मुखत्यारानें अशा पानावर चुकून लिहिलें तरी त्याचा परिणाम यंत्राचा गंभीर दोष म्हणून प्रकट होऊं शकतो. शिवाय पांच रकान्यांच्या त्या कागदावर सहाव्या रकान्याला जागाच नव्हती. कागद आंखणारानें कोरी जागा सोडलेली नव्हती.

कित्येक वर्षांच्या चर्चेनंतर सन २०२४ च्या मार्चमधील ६.८ ह्या आवृत्तींत नवा करार आला. पाहुण्यासाठीं कर्नेल एक निराळीच निनांवी संचिका उघडतो. तिच्यांत पानें असतात, पण त्या पहिल्या रूपांत मुखत्याराला तीं आपल्या स्मृतींत जोडून घेतां येत नव्हतीं. त्याच्या हातीं फक्त संचिकेचा क्रमांक असे. तुकडा नोंदविण्याचा अर्जहि नवा आला. त्यांत जुने पांच रकाने आहेत, संचिकेचा क्रमांक आणि तिच्यांतील आरंभस्थान ह्यांचे दोन आहेत, आणि त्यांच्याखालीं पुढील पिढ्यांसाठीं चौदा मोठे रकाने कोरे सोडलेले आहेत. कोणतें पान गुप्त व कोणतें दोघांच्या वापराचें, हें सांगण्याची वाटहि अलग ठेवली आहे. कारण पाहुण्याला बाहेरच्या जगाशीं बोलावयाचें तर कांहीं पानें उघडीं ठेवावींच लागतात. ह्या नव्या अर्जाच्या नांवापुढेंहि २ चा आंकडा आहे. जुना अर्ज रद्द झालेला नाहीं. ज्यांना गुप्ततेची गरज नाहीं ते तोच भरतात.

येथें एक मौज लक्षांत घेण्यासारखी आहे. आरंभीं पानें कर्नेलच्या कोठारांत होतीं; मग तीं मुखत्याराच्या हातीं आलीं; आणि शेवटीं पुन्हां कर्नेलच्या कोठारांत गेलीं. वरवर पाहणाराला वाटेल कीं, चाक फिरून मूळ जागीं आलें आणि मधलीं वर्षें फुकट गेलीं. परंतु तसें नाहीं. आरंभीं कर्नेलनें पानें स्वतःकडे ठेवलीं तीं काम सोपें व्हावें म्हणून. शेवटीं ठेवलीं तीं कोणीहि, अगदीं मुखत्यारानेंहि, तीं उघडूं नयेत म्हणून. पहिल्या व्यवस्थेंत कोठार मालकाच्या सोयीचें होतें. दुसरींत तें बिऱ्हाडकरूच्या अब्रूसाठीं आहे.

तथापि ही गुप्तता फुकटची नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. जें पान यजमानाला वाचतां येत नाहीं तें त्याला सहजासहजीं तबकडीवर हलवितां येत नाहीं. दोन पाहुण्यांचीं सारखीं पानें एकत्र करून जागा वांचवितां येत नाहीं. स्थलांतराची साधी रीतहि तेथें लागू पडत नाहीं. पांचव्या रकान्यानें जें जें आयतें मिळवून दिलें होतें, त्यांतील बरेंचसें येथें सोडावें लागतें. काटकसर आणि एकांत ह्या दोहोंची पूर्ण जोड अजून कोणाला जमलेली नाहीं. किंबहुना सारखीं पानें एकत्र करण्याच्या काटकसरींतहि एक छिद्र होतें: अशा सामाईक पानावर लिहावयास किंचित् अधिक वेळ लागतो, आणि त्या वेळाच्या फरकावरून शेजाऱ्याकडे कोणतें पान आहे हें चतुर पाहुणा ओळखूं शकतो. म्हणून परक्या भाडेकरूंना एकत्र ठेवणारे सावध यजमान ही काटकसर करीत नाहींत.

ह्या सर्व हकीकतींतून करार लिहिणारास तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, जें साधन घरांत आधींच चांगलें चालतें त्याचाच उपयोग करावा. परंतु तसें करतांना एकाच वस्तूच्या दोन नोंदी होत असल्या, तर त्या दोहोंना एकत्र बांधणारी वर्दीची व्यवस्था त्याच दिवशीं करावी. दुसरी ही कीं, दिलेला शब्द मोडावयाचा नसेल तर तो देतांना कागदावर थोडी कोरी जागा सोडावी. आपल्याला न सुचलेली गोष्ट पुढच्याला सुचणार आहे, हें मनांत धरून कागद आंखावा. तिसरी व सर्वांत मोलाची ही कीं, करारांतील सर्वांत महत्त्वाची अट पुष्कळदां न लिहिलेलीच असते. पाहुण्यानें यजमानावर विश्वास ठेवावा, ही अट कोणी लिहिली नव्हती. म्हणूनच ती वर्षानुवर्षें कोणी तपासली नाहीं.

जुन्या वाड्यांत बिऱ्हाडकरू गांवीं जातांना किल्ली मालकाकडे ठेवून जात असे, आणि त्यांत त्याला कांहीं वावगें वाटत नसे. कारण मालक त्याच्या डोळ्यांसमोरचा होता, त्याच्या घरच्या हळदीकुंकवाला येणारा होता. आजच्या पाहुण्याला यजमानाचें तोंडहि दिसत नाहीं. तेव्हां जेथें ओळख होती तेथें आतां लेखी अट यावी, आणि ती अट मोडणें कोणाच्या मर्जीवर न राहतां यंत्राच्या रचनेनेंच अशक्य व्हावें, हें काळाला धरूनच आहे. त्या चौदा कोऱ्या रकान्यांत पुढें काय लिहिलें जाईल, हें ते सोडणारांनाहि ठाऊक नाहीं. परंतु जागा सोडली आहे, इतकें त्यांनीं केलें.